नवाकोरा ब्रश

न्हाणीघर धुताना शिंप्याच्या बायकोने नवऱ्याचा ब्रश उचलला. सहा महिन्यांपूर्वी आणलेला, तरी केस नवेकोरे. “दात घासत नाही का हो तुम्ही?” तिने विचारलं. “चूळ भरतो की,” म्हणत तो मशीन चालवत राहिला. तिने मशीनवरचा दिवा वळवून त्याला तोंड उघडायला लावलं. तुटक्या दाढेशेजारी, गालाच्या आत, पांढरट चट्टा होता. दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं. चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. आठवड्याने कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचाच. “अस्वच्छ तोंडाने धोका वाढतो,” डॉक्टर म्हणाले. “शिवाय रोज आरशासमोर दात घासले असते, तर आधीच दिसलं असतं.” दवाखान्याच्या जिन्यात शिंपी थांबला. “दिसलं होतं गं मला,” तो म्हणाला. “म्हणूनच आरशासमोर जात नव्हतो.” तिने त्याचा हात धरला आणि ऑपरेशनची तारीख घ्यायला परत आत नेलं.