सतरावा हिसका

बाबांच्या छातीत कळ आली होती, दवाखाना पलीकडच्या काठावर होता आणि होडीचं इंजिन सुरू होत नव्हतं. ताई बाबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, मी हिसके देत इंजिनाची दोरी ओढत होतो. फोन स्पीकरवर, पलीकडे मेस्त्री.

"टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडलास?"

"हो."

"नळीवरचा रबरी फुगा कडक होईस्तोवर दाब."

"दाबला हो, दगड झालाय त्याचा!"

नववा हिसका. दहावा.

बाबांनी हात उचलून छातीवर नेला. ताईने तो अलगद खाली ठेवला. "कळलं बाबा, तिथेच दुखतंय. हलू नका ना."

"प्लग काढ, पूस, परत बसव."

काढला, पुसला, बसवला.

पंधरावा. सोळावा.

बाबांचा हात पुन्हा छातीवर. ताईने पुन्हा खाली घेतला आणि या वेळी घट्ट धरूनच ठेवला.

"अरे, इंजिन बंद करायच्या बटणामागे लाल क्लिप आहे ना? ती नसेल तर जन्मभर ओढत बस, ठिणगी पडायची नाही."

जागा रिकामी होती.

"मेस्त्री, ती बाबा काढून ठेवतात. मी एकट्याने होडी नेऊ नये म्हणून."

"कुठे ठेवतात?"



क्लिप बाबांच्या शर्टाच्या डाव्या खिशात निघाली. सतराव्या हिसक्याला इंजिन सुरू झालं, तेव्हा कुठे ताईने बाबांचा हात सोडला, आणि तो सोडला तिथेच पडून राहिला.