अकरा फ्रॉक

कडी खटकन वाजली आणि खोल्यांमधली शांतता मोडली. खोकी सोडणाऱ्या आईने दाराकडे पाहिलं. खाली खेळायला गेलेली लेक दहा मिनिटांतच परतली होती. या नव्या शहरात घर शोधताना नवरा ऑफिसचं अंतर बघत होता, तिने मात्र समोरच्या गॅलऱ्यांत वाळणारे छोटे फ्रॉक मोजले होते. “घर बघायला आलीस की धुणं?” तो हसला होता. “अकरा फ्रॉक आहेत. पोरीला मैत्रिणी मिळतील,” म्हणत तिने हट्टाने हीच कॉलनी निवडली. “मुलींनी खेळात नाही का घेतलं?” तिने आता लेकीला विचारलं. “घेतलं होतं. मग एक काकू त्यांना म्हणाल्या, हे भाडेकरू आहेत, वर्षभरात जातील, उगाच जीव लावू नका.” आईने गॅलरीचं दार लावून घेतलं. लेकीने खेळायला नेलेली बाहुली पुन्हा खोक्यात ठेवली अन् विचारलं, “आई, किती वर्षं राहिलं की खेळात घेतात?”