झोपेच्या वेळची बैठक

"समिती आली! आत्ताच आली!"

मैत्रिणीने प्रयोगशाळेच्या दारातून सांगितलं, तशी भोपूच्या आईने हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये खोचली आणि ॲप्रनसकट धूम ठोकली. समिती यायची होती संध्याकाळी. तेव्हा सगळे आईबाप फलक घेऊन जमणार होते आणि ही भाषण करणार होती. भाषण तोंडपाठ होतं. पण ऐकणारेच आधी येऊन बसले, आता याला काय म्हणायचं?

जिना, व्हरांडा, पुन्हा जिना. धावता धावता ती वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वळणावर एकेक वाक्य गळून पडत होतं. कॉलेजचं पाळणाघर बंद करून तिथे संगणक कक्ष काढायचा, असा प्रस्ताव होता. समिती तिघांची, निर्णय आजच. पाळणाघराने गाशा गुंडाळला की हिच्या शेवटच्या वर्षानेही गुंडाळलाच. नवरा दिवसपाळीला, सासूबाई स्वतःच अंथरुणावर. लेकीला सांभाळणार कोण? पदवी अगदी हाताशी आली होती आणि तिला ती हवी होती, पोरं खेळण्यासाठी अडून बसतात ना, तशी हट्टाने हवी होती.

पाळणाघराच्या दाराशी चिमुकल्या चपलांच्या रांगेत दोन जोड चकचकीत बूट आणि उंच टाचांचे सँडल होते. तिने श्वास घेतला, पहिलं वाक्य जिभेवर आणलं आणि दार ढकललं.

वाक्य जिभेवरच राहिलं.

पडदे ओढलेले होते. नवे प्राचार्य भिंतीला टेकून गादीवर बसले होते. त्यांच्या दोन्ही दंडांवर एकेक डोकं विसावलेलं. शेजारी रसायनच्या मॅडम आडव्या झाल्या होत्या आणि त्यांचं बोट एका पोराने मुठीत गच्च धरून ठेवलं होतं. आणि बांधकाम खात्याचे साहेब, ज्यांच्या डोक्यातून तो संगणक कक्ष निघाला होता, ते खोलीच्या मधोमध उभे राहून डुलत होते. त्यांच्या खांद्यावर होती भोपू. रडायला लागली की फाटकापर्यंत ऐकू जाते म्हणून जिचं हे नाव पडलं, तीच ती!

"मावशी, हे काय?" आई कुजबुजली.

"काय म्हणजे? झोपेची वेळ आहे." पाळणाघराच्या मावशी मांडीवरच्या पोराला थोपटत होत्या. "या वेळी दारातून जो येईल त्याच्याकडे मी एक पोर देते, तुला ठाऊक नाही का? परवा वायरमन आला होता, त्यानेसुद्धा दोघांना निजवलं."

"अहो, ही समिती आहे!"

"असं होय? तरी म्हटलं, आज मदतीला एवढी थोराड मुलं कशी पाठवली!"

लेकीला घ्यायला आई पुढे सरसावली. मावशींनी ॲप्रन धरून तिला मागे ओढलं. "हात लावू नकोस. आत्ता कुठे डोळा लागतोय. ही उठली की अख्खी खोली उठेल."

प्राचार्य हळूच खाकरले. "मतदान इथेच उरकू या," ते दबक्या आवाजात म्हणाले. "पाळणाघर बंद करावं असं ज्यांचं मत असेल, त्यांनी हात वर करावा."

त्यांचे स्वतःचे हात तर अडकलेलेच होते. मॅडमनी त्या इवल्याशा मुठीकडे पाहिलं आणि बोट तिथेच राहू दिलं. साहेबांनी मात्र भोपूच्या पाठीवरचा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला, कानापर्यंत आला. तेवढ्यात भोपूने खालचा ओठ बाहेर काढला. साहेबांचा हात झटकन खाली आला आणि दुप्पट वेगाने थोपटू लागला.

"साहेब, तुमचं मत?" प्राचार्यांनी विचारलं.

"थांबा हो!" साहेब डाफरले, पण तेही कुजबुजत. "आधी हिला झोपू द्या."

डुलत डुलत त्यांनी खोलीला एक फेरी घातली. खिडकीशी थांबले. पडदा किंचित सारून बाहेर पाहिलं, मान वर करून छताकडे पाहिलं.

"खोली उत्तरेकडची आहे," ते म्हणाले. "ऊन नाही, रस्त्याचा आवाज नाही. मी नकाशावर नुसती लांबी-रुंदी बघितली होती."

"आणि संगणक?"

"संगणकांना काय, कुठेही झोप लागते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसवू."

"म्हणजे बंद करा म्हणणारं कोणीच नाही. प्रस्ताव फेटाळला," प्राचार्य म्हणाले. "मावशी, आता आम्हाला सोडवता का?"

"पोरं उठेपर्यंत नाही."

प्राचार्यांनी दोन्ही दंडांकडे आळीपाळीने पाहिलं. मग भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. "बाहेर सांगा कोणीतरी," ते पुटपुटले, "बैठक लांबली म्हणून."

आईच्या पोटात आनंद नुसता उड्या मारत होता. ओरडावंसं वाटत होतं, मावशींना उचलून गरगर फिरवावंसं वाटत होतं. तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि दार हलकेच ओढून घेत ती बाहेर आली.

व्हरांड्यात सगळे आईबाप धापा टाकत येऊन पोचले होते. फलक उंचावलेले, घोषणेसाठी तोंडं उघडलेली. तिने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं, बंद दाराकडे खूण केली आणि मग दोन्ही हात उंच केले. "राहिलं!" नुसत्या ओठांनी ती म्हणाली. "राहिलं आपलं!"

क्षणभर कोणाला काही उमगलं नाही. मग एका बापाने वाकून पायातल्या चपला काढल्या. पाठोपाठ सगळ्यांनीच काढल्या. आणि त्या लांबलचक व्हरांड्यात ती मोठी माणसं अनवाणी पायांनी, जराही आवाज न करता, नाचायला लागली.