दोन्ही काठांचा पीर

एकाच पिराची कबर नदीच्या दोन्ही काठांवर होती. अलीकडचे दस्तगीर मुजावर तीस वर्षं भाविकांना सांगत आले, "पलीकडची रिकामी आहे." पलीकडचे बाबालाल मुजावर अलीकडच्या कबरीबद्दल तेच सांगत.

मग दस्तगीरांच्या शमाबीचं बाबालालांच्या मुलाशी जमलं. बाबालालांनी निरोप धाडला, "नवरीच्या बापानं आधी आमच्या पिराला चादर चढवायची, ही इथली रीत. जमत नसेल तर सोयरीक राहू द्या."

दस्तगीर चादर घेऊन होडीनं आले. सगळ्या गावासमोर त्यांनी चपला काढल्या, कबरीवर चादर पसरली, चारी कोपरे नीट केले.

"रिकाम्या कबरीला एवढं जपून, व्याही?" बाबालालांनी चिमटा काढला.

"पोरगी इथं नांदणार," दस्तगीर म्हणाले. "पीर इथंच असलेला बरा. तिकडचं मी सांभाळून घेईन."