पूर्वरंगानंतरचा हार

डॉक्टर नीलिमांनी सुईच्या तपासणीचा दुसरा रिपोर्टही बाजूला ठेवला. कोंडाजीबुवांच्या मानेत उजवीकडे आलेली लिंबाएवढी गाठ कसली, ते त्यातूनही कळत नव्हतं. बदलापूर गावाने मात्र केव्हाच कॅन्सर ठरवून टाकला होता. बुवांसमोर तेवढं कुणी बोलत नव्हतं.

गिळताना, बोलताना काही त्रास? डॉक्टरांनी तीनदा विचारलं, बुवांनी तीनदा नाही म्हटलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, कौसाबाईंचा धीर सुटला.

“अहो, खोकल्याचं सांगा की.”

“ते दुखण्यातलं नाही,” बुवा पुटपुटले.

“मग मीच सांगते. बाई, कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना बुक्का लावून हार घालतात. तो गळ्यात पडला की यांना खोकला. काढला की थांबतो. पण कीर्तन संपेपर्यंत हार उतरवायचा नसतो, म्हणून दोनदा उत्तररंग अर्ध्यावर राहिला. चैत्रापासून कीर्तनच सोडलंय. म्हणतात, माझ्या गळ्यात हार देवालाच नको.”

डॉक्टर उठल्या. दोन बोटांनी गाठ हळूच दाबली. बुवांना ढास लागली. बोटं काढली, ढास थांबली. पुन्हा दाबली, पुन्हा लागली.

“एवढे महिने हे पोटात ठेवलंत, बुवा?”

मग त्यांनी कागदावर रेघ ओढून समजावलं. मानेतून आवाजाची शीर जाते, खोकलाही तिच्याच हातात. तिच्या वेष्टणावर ही गाठ धरलेली दिसते. क्वचित कुणाला होते. बहुतेक साधीच असते, कॅन्सर नसतो. स्कॅन केला की पक्कं सांगता येईल. पण वाढतेय, तेव्हा काढावी लागेल. काढताना शीर दुखावली, तर आवाज जाईल. कदाचित कायमचा.

कौसाबाईंनी तोंडाला पदर लावला. बुवांनी कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं.

“म्हणजे हार नको म्हणत होती, ती ही शीर?”

“हीच.”

“दुसरं कुणी नाही?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

दवाखान्याखाली, कॅम्प तीन वस्तीच्या बाजारात बुवांनी स्वतःच झेंडूचा जाडजूड हार घेतला आणि कौसाबाईंपुढे मान वाकवली. त्यांचे हात उचलेनात.

“घाल,” बुवा म्हणाले.

शेअर रिक्षात बसेपर्यंत ढास अनावर झाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. रिक्षावाल्याने आरशात बघितलं. “काका, हार उतार दो ना.”

बुवांनी हातानेच नको म्हटलं आणि दोन उबळींच्या मधल्या श्वासात उत्तररंगाला सुरुवात केली.