फुलावर आलेलं झाड

बाथरूममध्ये दिव्याखाली वाढवलेलं गांजाचं झाड अखेर फुलावर आलं. "आता थोडेच दिवस सोस," रेमंड बायकोला म्हणाला आणि गोळ्या आणायला बाहेर पडला.

वसईत जन्मभर फुलं पिकवलेला माणूस तो. आपोआप फुलणारी जात, फक्त मादी झाडं देणारं बी, सगळं त्याने घरीच तयार केलं होतं. फिलोमिनाचा कॅन्सर हाडांत उतरला होता आणि वेदना गोळ्यांना दाद देत नव्हत्या; गांजाने त्या शमतील, एवढीच त्याला आशा होती.

तो परतला तेव्हा पलंगावरून महिनाभर न उठलेली फिलोमिना सरपटत बाथरूममध्ये पोचली होती. झाड मुळासकट उपटून, तुकडे करून तिने संडासात टाकलं होतं. सगळं बीसुद्धा.

"अगं, काय केलंस हे!"

"गल्लीत पोलीस आले होते. वास कुठून येतो, विचारत होते." तिला धाप लागली होती. "तुम्हाला नेलं असतं, तर माझ्यापाशी कोण बसलं असतं?"

त्याने तिला उचलून पलंगावर निजवलं.

ती पावसाळ्यापर्यंत जगली. कण्हणं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती उशी चावायची, आणि उशाशी बसलेला तो डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा.