तडकलेली शेपटी

सखारामने सुरी टेकवली आणि पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा. समोर पाटावर मुलाने, शुभंकरने धरलेली तांबोशी मासळी होती, फ्रीजरमधून काढून निथळत ठेवलेली. शुभंकरचं तेरावं होऊन आठ दिवस झाले होते.

कॉलेजच्या संग्रहालयासाठी मासे भरून देण्यात सखारामचा हात धरणारा रत्नागिरीत कुणी नव्हता. कातडी सोलायची, आत कापूस भरायचा, वाळवून रंगवायचं. पण तो म्हणे, खरं काम घरात नाही, किनाऱ्यावर होतं. मासा पाण्याबाहेर आला की रंग उडायला लागतो, म्हणून आधी फोटो. मग मापं. पोट फाडायचं नाही. परांवर पुठ्ठे लावायचे. आणि शेवटी सगळा मासा ओल्या फडक्यात गुंडाळायचा, नाहीतर शेपटी वाळून तडकते.

शुभंकरला हे लहानपणापासून पाठ होतं. "बाबा, फडक्यासाठी घरून पाण्याची बाटली नेऊ काय?" त्याने एकदा विचारलं होतं.

"नळाचं पाणी नको. माशाला समुद्राचंच पाणी," सखारामने ठणकावलं होतं. का, ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. हट्ट होता, एवढंच.

त्या सकाळी शुभंकर आरे-वारेच्या खडकावर एकटाच गळ टाकून बसला होता. लाटेने नेला. दुसऱ्या दिवशी सापडला. मासा मात्र वर कोरड्या खडकावर जिथल्या तिथे होता. मोबाईलमध्ये फोटो, वहीत मापं, परांवर पुठ्ठे. लोकांनी मासा आणि सगळं सामान घरी आणून दिलं. सखारामने एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली, पिशवी उलटी करून झटकली आणि मटकन खाली बसला. पोराच्या वस्तू बघून बापाला भडभडून आलं, असं सगळ्यांना वाटलं.

कमळाचा तेव्हापासून एकच प्रश्न होता. येईल त्याला ती तोच विचारी. "मासा मिळालेला ना, मग पोरगा खाली पाण्याकडे कशाला गेला?" कुणी म्हणे, पाय धुवायला. कुणी म्हणे, वेळ आली होती. सखाराम उठून आत जाई. बायकोच्या डोळ्यांत बघायची त्याला भीती वाटायची.

आता ती चहा घेऊन आली आणि पाटाजवळ टेकली.

"भरा तुम्ही. डोळ्यांसमोर ऱ्हायल कायतरी त्याचं." तिने माशाच्या अंगावरून हात फिरवला. शेपटीशी येऊन हात थांबला. शेपटी वाळून तीन ठिकाणी तडकली होती. "ही अशी फाटली कशी वो?"

लांबीचा लगदा भरून भेगा बुजवता आल्या असत्या. अशा कितीतरी शेपट्या त्याने बुजवल्या होत्या, बघणाऱ्याला पत्ता लागला नव्हता. डबा हाताशीच होता. सखारामने तो उचलला.

"फोटो काढलान, मापं घेतलान, सगळं केलान," कमळा स्वतःशीच बोलत होती. "आणि फडकाच कसा इसरला माझा बाबू?"

सखारामने डबा खाली ठेवला.

"इसरला नाय गो," तो म्हणाला. "तोच भिजवायला उतरलेला."